डिंगी बांधायचे काम अर्धे घेऊ नका

शिडाच्या नौका म्हणजे बड्या लोकांचा छंद, आपल्या धंद्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या पुष्कळ वाचकांना वाटेल. पण त्या नौकेवरचे कापड कोणी शिवले, पट्टे कोणी टाचले, स्टीलच्या कड्या कोणी वेल्ड केल्या, लाकडी ठोकळे कोणी रंधले, हे विचारायला गेले की आपल्याच माणसांची नावे निघतात. कोकणातील आमचे वाडवडील सारंग, तांडेल आणि खलाशी म्हणून दर्यावर गेले. त्यांची नातवंडे आज मुंबईत, गोव्यात, आखातातील बंदरांत किनाऱ्यावर बसून दर्याचेच काम करतात. म्हणून आज आम्ही एक अगदी लहान काम घेतले आहे. लांबच्या सफरीला निघालेल्या शिडाच्या नौकेवर तिची डिंगी आणि डिंगीचे आऊटबोर्ड मशीन पक्के बांधून देणे. या कामाचे बिल लहान असते, म्हणूनच ते हलक्या हाताने केले जाते, आणि त्याबद्दलच आम्हांला दोन शब्द बोलायचे आहेत.

डिंगी म्हणजे मोठ्या नौकेची किनाऱ्याला जाण्या-येण्याची होडी. अपोलो बंदरासमोर नौका पाण्यात नांगरून उभ्या असतात, त्यांना धक्का मिळत नाही. माणूस, पाणी, भाजी, बर्फ, सगळे डिंगीतून जाते. ही होडी बहुधा रबरी, हवा भरायची असते. काहींना खालून फायबरचा कडक तळ असतो. मागच्या फळीला २ पासून १५ अश्वशक्तीपर्यंतचे मशीन लावतात. बंदरात ही जोडी मागे बांधून तरंगत ठेवली तरी चालते. प्रश्न येतो तो नौका खुल्या समुद्रात दिवसच्या दिवस चालणार असते तेव्हा.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यात दोष आमचा आहे. आमचे ताडपत्री आणि पट्टे शिवायचे लहानसे दुकान. २०११ साली मे महिन्याच्या मध्यावर एक गिऱ्हाईक आले. नौका पावसाआधी मुंबईहून दक्षिणेला न्यायची होती. डिंगी डोलकाठीच्या पुढच्या तख्तपोशीवर उलटी ठेवून बांधण्यासाठी दोन पट्टे हवे होते, आणि दुसऱ्या दिवशीच हवे होते. पट्टा चांगला होता, बक्कल चांगले होते. मशीनवर मात्र ट्रकच्या ताडपत्रीचा साधा सुती दोरा चढवलेला होता. तो उतरवून दुसरा चढवायला किती वेळ लागतो? पण दुकानात गर्दी होती, आणि दोन पट्ट्यांसाठी कोण दोरा बदलणार, असे आम्हीच म्हणालो. पट्टे गेले. बिल इतके किरकोळ होते की आम्ही वहीतसुद्धा लिहिले नाही.

वेंगुर्ल्याच्या पुढे नैऋत्येचा वारा आणि समोरून येणारी उंच लाट मिळाली. रात्री एक लाट पुढच्या तख्तपोशीवर चढली. डिंगी आडव्या दोन पट्ट्यांखाली मागे सरकली, एका पट्ट्याची शिवण उसवली, आणि वाऱ्याने डिंगी दरवाजासारखी उघडून उभी राहिली. कठड्याचे दोन खांब वाकले. ती आवरायला पुढे गेलेल्या खलाशाचा हात मनगटापाशी मोडला. नौका कशीबशी गोव्याला लागली. मालकाने नंतर तो पट्टा आणून आमच्या टेबलावर ठेवला. नुकसानभरपाई मागितली नाही, आवाजही चढवला नाही. शिवणीवर नख फिरवले की दोऱ्याची भुकटी निघत होती. तीन आठवड्यांचे ऊन आणि खारे पाणी, बस्स. माणसाच्या हाताचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. तो हात आमच्या दोऱ्याने मोडला, असे आम्ही तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

मशीन मात्र वाचले. ते मागच्या कठड्यावरच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेले होते, आणि हादऱ्यांनी दोन्ही स्क्रू सैल झाले होते. पण आमच्या दुकानातला एक पोरगा पट्टे पोचवायला नौकेवर गेला होता. त्याने कोणी न सांगता मशीनच्या मानेला दोराचे चार वेढे देऊन ते कठड्याच्या पायाशी बांधून ठेवले होते. मशीन फळीवरून उतरून त्या दोरावर लोंबकळत गोव्यापर्यंत गेले. त्या पोराचे आजोबा मचव्यावर होते. आमचे दुकान शिकले नव्हते ते त्याच्या हाताला ठाऊक होते.

आता मूळ मुद्दा. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते की डिंगी हलकी, चाळीस-पन्नास किलोची, ती कुठे जाणार? वजन डिंगीचे धरायचे नसते, पाण्याचे धरायचे असते. एक घनमीटर समुद्राचे पाणी १ हजार किलोहून थोडे जास्त भरते. लाटेचे पाणी सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवे येऊन आदळले तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३०० किलोचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. म्हणजे पट्टा डिंगी धरून ठेवत नाही, तो लाट अडवतो. हा हिशोब एकदा कळला की सुती दोरा चढवायला हात धजत नाही.

आणि नौका नेहमी सरळ राहील असेही नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. वादळात शर्यतीतले १५ जण दगावले. नंतरच्या चौकशीत माहिती देणाऱ्या नौकांपैकी जवळपास निम्म्या नौका पाण्यावर आडव्या झाल्या होत्या, आणि साधारण तिसरा हिस्सा त्याच्याही पलीकडे कलंडला होता. आज वर्ल्ड सेलिंग संस्थेच्या खुल्या समुद्रातील शर्यतींच्या नियमांत बॅटऱ्या, टाक्या, नांगर, साखळी अशा जड वस्तू घट्ट बांधलेल्या असाव्यात असे लिहिलेले आहे. साध्या सफरीच्या नौकेला हे नियम लागू नसतात. पण समुद्राला शर्यत आणि सफर यांतला फरक कळत नाही, तेव्हा कारागिराने तोच दंडक धरावा.

सर्वांत उत्तम बांधणी कोणती असे विचाराल तर हवा काढून डिंगीची गुंडाळी करावी आणि ती खाली खणात ठेवावी. तिथे आपल्याला कमाई नाही, तरी गिऱ्हाइकाला पहिला सल्ला हाच द्यावा. कडक तळाची असेल, किंवा नौकेत जागा नसेल, तर डोलकाठीच्या पुढे उलटी, तळ वर करून. खाली लाकडी ठोकळे हवेत. त्यांची बैठक डिंगीच्या काठाला बरोबर बसणारी असावी आणि त्यावर जुन्या रबराची पट्टी मारावी, म्हणजे डिंगी ना सरकते ना घासते. पुढच्या झडपेचा रस्ता आणि जीवरक्षक तराफ्याचा रस्ता मोकळा राहतो का, हे माप घेतानाच पाहावे. झडपेवर डिंगी ठेवून झडप कायमची बंद केलेल्या नौका आम्ही पाहिल्या आहेत. आग लागली तर आतला माणूस बाहेर कुठून येणार?

आमच्या दोन पट्ट्यांचा दुसरा दोष असा की दोन्ही आडवे होते. लाट पुढून आली की डिंगी मागे सरकते, मागून आली की पुढे. आडव्या पट्ट्यांबरोबर पुढे-मागे ओढ धरणारे दोर हवेतच, निदान चार वेगळ्या कड्यांना बांधलेले. आणि त्या कड्या तख्तपोशीत आरपार बोल्टने बसवलेल्या असाव्यात. कठड्याच्या खांबाला किंवा कठड्याच्या तारेला बांधू नये. ते माणसाच्या आधारासाठी आहेत, डिंगीच्या ओढीसाठी नाहीत.

कडी बसवणे हे वेल्डरचे आणि फायबरवाल्याचे काम, आणि इथेच सर्वांत जास्त घाई होते. पुष्कळ फायबर नौकांची तख्तपोशी भरीव नसते. वर-खाली फायबरचा थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. सरळ भोक पाडून बोल्ट आवळला की मधला गर दाबला जातो, आणि भोकातून पाणी शिरून बाल्सा कुजतो. दोन वर्षांनी पायाखाली तख्तपोशी मऊ लागते आणि मालकाला कारण कळत नाही. भोक आधी मोठे पाडावे, आजूबाजूचा गर कोरून काढावा, त्यात इपॉक्सी भरून ती घट्ट झाल्यावर बोल्टच्या मापाचे भोक पुन्हा पाडावे, आणि खालून रुंद धातूची पट्टी देऊन नट आवळावा. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात, हे खरे. दोन दिवसांचे दाम मागा.

स्टीलबद्दल एक गोष्ट. नागदेवीच्या बाजारात ३०४ आणि ३१६ दोन्ही मिळते आणि दिसायला सारखेच दिसते. चुंबक लावून पारख करणारे लोक आहेत. त्या पारखीला काही अर्थ नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळपास लागतच नाही. ३१६ मध्ये साधारण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते बारीक खड्ड्यांनी पोखरले जायला जास्त टिकून राहते. खात्रीच्या दुकानातून घ्या, बिलावर ३१६ लिहून घ्या, आणि आपल्याही बिलावर तसेच लिहून द्या.

पट्ट्याचे आम्ही भोगून शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो. पट्टा पॉलिस्टरचा घ्यावा. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि रात्रीत ढिला पडतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते, पण उन्हात भराभर खराब होते. बाजारात पॉलिस्टर म्हणून पॉलिप्रॉपिलीन गळ्यात मारणारे कमी नाहीत. बोटभर तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात टाका आणि दाबून हवेचे बुडबुडे काढा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. कापलेली कड गरम सुरीने वितळवून बंद करावी. शिवण चौकोनात फुली अशी घालावी, आणि दोरा उन्हाला टिकणारा जाड पॉलिस्टरचा असावा. पट्टा जिथे कडेवरून वळतो तिथे अग्निशमनाच्या जुन्या पाइपाचा तुकडा सरकवून द्यावा. भंगारात तो किलोच्या भावाने मिळतो आणि घासण्यापासून इतका बचाव दुसऱ्या कशाने होत नाही.

ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा गिऱ्हाइके हल्ली स्वतःच घेऊन येतात. आवळायला सोपा, यात वाद नाही. पण त्याच्या स्प्रिंगा खाऱ्या हवेत गंजतात आणि ऐन वेळी उघडत नाहीत. आमचे मत असे की रॅचेट बंदरात ठीक. सफरीला जाड पॉलिस्टर दोराचे वेढे बरे. दोर दिसतो, हाताला लागतो, आणि वेळ आली तर कापता येतो.

कापण्याची गोष्ट किरकोळ नाही. १९७२ च्या जूनमध्ये डूगल रॉबर्टसन यांची ल्युसेट नावाची शिडाची नौका गॅलापॅगोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेल माशांच्या धडकेने फुटली आणि पाहता पाहता बुडाली. नौकेवर सहा माणसे होती, त्यांत मुलेही. त्यांच्याकडे रबरी तराफा होता आणि एडनामेअर नावाची सुमारे नऊ फुटांची डिंगी. सुरुवातीला डिंगीला शीड बांधून तिने तराफा ओढला. सतराव्या दिवशी तराफा निकामी झाला. मग सहाही जण त्या नऊ फुटांच्या होडीत राहिले, आणि ३८ व्या दिवशी तोका मारू या जपानी मासेमारी बोटीने त्यांना उचलले. डिंगी ही तराफ्याची जागा घेऊ शकते असा याचा अर्थ कोणी काढू नये. खवळलेल्या समुद्रात ती उलटते. पण जी होडी घट्ट बांधायची तीच होडी दोन मिनिटांत सोडताही आली पाहिजे, ही अट या कामात कायमची आहे. म्हणून बांधणीजवळ म्यानात एक सुरी अडकवण्याची जागा आम्ही आता प्रत्येक नौकेवर करून देतो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

एका कामाला सरळ नाही म्हणावे असे आमचे स्पष्ट मत आहे. नौकेच्या मागे स्टीलचे दोन बाक दिलेले हात लावून त्यांवर डिंगी टांगायची सोय असते, त्याला डेव्हिट म्हणतात. बंदरात आणि खाडीत ती झकास आहे. पण काही मालक मशीनसह डिंगी तशीच टांगून महासागरात निघतात आणि वेल्डरला सांगतात, जरा जाड पाइप लाव म्हणजे झाले. मागून आलेली एक लाट डिंगीत भरली की टनाच्या आसपासचे वजन त्या हातांवर येते, आणि नौका हिंदकळली की त्याचे झटके बसतात. पाइप टिकला तर तख्तपोशी फाटते. बूच काढून ठेवले म्हणजे पाणी निघून जाईल असे म्हणतात. त्या लहानशा भोकातून ते निघेपर्यंत पुढची लाट आलेली असते. काम हातचे जाईल म्हणून होय म्हणू नये. डेव्हिट लावून द्या, पण सफरीत डिंगी तख्तपोशीवर घ्यावी लागेल असे बिलावर लिहून द्या. डिंगी मागे दोराने ओढत नेण्याबद्दल तर बोलायलाच नको. खुल्या समुद्रात ती उलटते, दोर तुटतो, आणि मशीन लावलेले असेल तर तेही तळाला.

मशीन डिंगीवरून उतरवलेच पाहिजे. ६ अश्वशक्तीचे चार स्ट्रोक मशीन पंचवीस किलोच्या पुढे भरते, १५ चे पन्नासच्या आसपास. लहान मशीन मागच्या कठड्यावर जाड फळीला लावता येते. मोठे मात्र कठड्याला झेपत नाही, ते खाली खणात बांधलेले बरे. फळीवरच्या स्क्रूंच्या मुठी एकमेकींना दोराने बांधाव्यात, म्हणजे हादऱ्याने फिरत नाहीत. कुलूप लावले म्हणजे काम झाले असे मालकांना वाटते. कुलूप चोरासाठी असते, लाटेसाठी वेगळा दोर लागतो. त्या पोराने दिला होता तसा.

आडवे ठेवायचे असेल तर चार स्ट्रोक मशीन कोणत्या कुशीवर झोपवायचे ते त्याच्या पुस्तकात दिलेले असते, पुष्कळदा अंगावरही खूण असते. उलट्या कुशीवर ठेवले की तेल सिलिंडरमध्ये उतरते. कोणतेही मशीन असो, आधी उभे धरून आतले पाणी पूर्ण निथळू द्यावे, आणि डोके पंख्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये. गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवून बंद करावे, कारण आता भारतातील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. महिनाभर पडून राहिले की जेट तुंबतात. पेट्रोलचा डबा नौकेच्या पोटात कधीही ठेवू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. डबा वर, वाऱ्यात, सावलीत, वेगळ्या पट्ट्याने बांधलेला असावा.

आता दामाचे. पट्टेवाला पट्ट्याचे पैसे घेतो, वेल्डर कडीचे, सुतार ठोकळ्यांचे, आणि पूर्ण बांधणी कोणाच्याच नावावर नसते. तिघांतल्या कोणीच नौकेवर जाऊन डिंगी ठेवून, आवळून, ओढून पाहिलेली नसते. आमचे सुचवणे असे की तिघांनी मिळून एकच अंदाजपत्रक द्यावे. त्यात माप घेण्याची फेरी, सामानाचा दर्जा, बसवणे आणि नौका पाण्यात असताना एकदा तपासणे, हे सर्व लिहावे. रक्कम वाढेल, काही गिऱ्हाइके परत जातील, जाऊ द्यावीत. घाईत आलेल्या माणसाला उद्याची तारीख देण्याची हौस आपल्यालाच असते. त्या मे महिन्यात आम्ही चार दिवस मागितले असते तर मालक थांबला असता की नाही, कोण जाणे.

पावसाळ्यात मुंबईच्या नौका पाण्याबाहेर काढलेल्या असतात, खाडीकाठच्या होड्या शाकारलेल्या असतात, आणि दुकानात हात रिकामा असतो. मापे घ्यायला, तख्तपोशीतली भोके भरायला आणि जुने पट्टे मागवून शिवण तपासायला हेच दिवस. पट्टा वरून नवा दिसला तरी उन्हाकडच्या बाजूचा दोरा सुईने उचलून पाहावा. तुटला तर सगळी शिवण काढून नवी घालावी. सप्टेंबर संपता संपता मालकांचे फोन येऊ लागतात, आणि तेव्हा प्रत्येकाला सगळे दुसऱ्या दिवशीच हवे असते.